खेकडे, धरण आणि मराठी थ्रिलर

२ जुलै २०१९. रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. माणसं गेली, घरं गेली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. आणि तेव्हाचे जलसंधारण मंत्री म्हणाले, धरण खेकड्यांमुळे फुटलं!

मी रहस्यकथा लिहितो. असा शेवट मी लिहिला असता तर संपादकाने हस्तलिखित तोंडावर फेकलं असतं.

सध्या वाळूउपशावर थ्रिलर लिहितोय. एका प्रकाशकाचा सल्ला, "राजकारण नको. व्हिलन एखादा वेडा शास्त्रज्ञ करा." का बुवा? रात्री नदीत जेसीबी उतरवतो तो शास्त्रज्ञ असतो काय? तलाठ्याच्या अंगावर डंपर घालतो तो?

थ्रिलरचा प्रश्न एकच, केलं कोणी? आपल्याकडे दरड कोसळली की पहिल्याच पानावर निकाल: 'निसर्गाचा कोप'. फाईल बंद. पश्चिम घाट सांभाळा, असं गाडगीळ समितीने २०११ मध्ये लिहून दिलं. २०१४ ला माळीण, २०२१ ला तळिये, २०२३ ला इर्शाळवाडी. प्रत्येक ठिकाणचं कारण वेगळं असेल, मान्य. पण शोधाल तर खरं!

कादंबरीने धरणाची गळती थांबत नाही, हेही कबूल. पण वाचणाऱ्याला "सही कोणाची होती?" असं विचारायची खोड तर लागेल.

तेव्हा लेखक मित्रांनो, बंगल्यातले खून पुरे झाले. इथे नदीचा मुडदा पडलाय, पंचनामा करा. आणि त्या बिचाऱ्या खेकड्यांना सोडा.