तोंड आलंय, की आणखी काही?

गेल्या आठवड्यात विदर्भातल्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं. चार पानी, दोन्ही बाजूंनी लिहिलेलं. धाकट्या जावेचं तोंड पाच महिन्यांपासून येतंय. वय अडतीस. आधी गालाच्या आतून, मग हिरड्यांवर, आता टाळूपर्यंत. आमटी सोडाच, गार दहीभातही झोंबतो. गुलकंद झाला, सब्जा झाला, बी-कॉम्प्लेक्सची पाकिटंच्या पाकिटं संपली. आणि आता पंधरा दिवसांपासून छाती-पाठीवर पाण्याने भरलेले फोड उठताहेत. ब्लाउज घासला तरी फुटतात नि खाली लालभडक जागा उघडी पडते. सासूबाईंनी तिचं ताट-वाटी वेगळं केलंय. "ताई, हे घरातल्या मुलांना तर लागणार नाही ना?" हा पत्रातला शेवटचा प्रश्न.

त्याचं उत्तर आधी देते. पत्रावरून निदान करू नये आणि मी ते करणारही नाही. पण हे वाचून ज्या आजाराची शंका येते तो असेल, तर तो कुणालाही लागत नाही. उष्ट्याने नाही, शिवण्याने नाही, एका अंथरुणात निजल्यानेही नाही.

आजाराचं नाव पेम्फिगस व्हल्गॅरिस. नाव अवघड आहे, पण लिहून ठेवा. माझा दवाखाना नवा होता तेव्हा एक शिक्षिका अशीच तोंड घेऊन आली होती. मी तिच्या तोंडाला दोन महिने जांभळं औषध लावत राहिले, वर "जागरणं कमी करा" असा सल्लाही दिला. तिच्या डोक्यात फोड आले तेव्हा कुठे माझे डोळे उघडले आणि मी तिला त्वचारोग विभागात पाठवलं. बाईंनी मला कधी दोष दिला नाही. पण ते दोन महिने माझेच, हे मी विसरलेले नाही. म्हणून आजचा सगळा लेख याच विषयावर.

आपल्या त्वचेच्या पेशी एकमेकींना धरून असतात. रव्याच्या लाडवात पाक जसा कण धरून ठेवतो, तशी पेशींमध्ये डेस्मोग्लीन नावाची प्रथिनं असतात. रोगजंतूंशी लढायला शरीर प्रतिपिंडं तयार करतं, ती या आजारात चुकून ह्या डेस्मोग्लीनवरच उलटतात. पाक सुटला की लाडू भुगा होतो ना, तशा पेशी सुट्या होतात आणि मध्ये पाणी भरतं. हा फोड अगदी वरवरचा, सायीइतका पातळ, म्हणून लगेच फुटतो. तोंडात तर तो दिसतही नाही, फुटल्यावरची जखमच तेवढी दिसते. बहुतेकींना सुरुवात तोंडातूनच होते आणि अंगावर फोड यायला कित्येक महिने जातात. तोवर घरातले, शेजारचे नि माझ्यासारखे डॉक्टरही "उष्णता" म्हणत बसतात.

याचा एक चुलतभाऊ आहे, बुलस पेम्फिगॉइड. तो बहुधा सत्तरीच्या पुढच्या माणसांना होतो. आधी पुष्कळ दिवस नुसती खाज, मग टम्म फुगलेले फोड. फुलक्याचा वरचा पापुद्रा अख्खा सुटावा तशी इथे वरची त्वचा खालच्या थरापासून सुटते. जाड असल्यामुळे फोड सहज फुटत नाही, आणि तोंड बहुधा वाचतं. 1953 साली वॉल्टर लीव्हर यांनी हे दोन आजार वेगळे आहेत हे दाखवलं, तोवर दोघांना एकाच नावाने ओळखत. सासूबाईंना असं काही झालं आणि त्या मधुमेहासाठी ज्यांच्या नावाच्या शेवटी "ग्लिप्टिन" येतं अशा गोळ्या घेत असतील, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. या गोळ्यांचा आणि पेम्फिगॉइडचा संबंध आढळलेला आहे. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका.

आता तपासणी. इथेच बायका बिचकतात. "तुकडा काढायचा" म्हटलं की घरात रडारड, आणि तुकडा काढला की रोग पसरतो म्हणणारी एखादी मावशी हजर असतेच. पसरत नाही. जागा बधिर करून डाळीच्या दाण्याएवढी त्वचा घेतात, एखादा टाका पडतो, तासाभरात बाई घरी.

तुकडे मात्र दोन लागतात, हे लक्षात ठेवा. एक ताज्या फोडाच्या कडेचा. तो फॉर्मालिनमध्ये जातो आणि पेशी कुठे सुटल्या ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं. दुसरा फोडाशेजारच्या, चांगल्या दिसणाऱ्या त्वचेचा. त्यावर इम्युनोफ्लोरेसन्स ही तपासणी होते. चुकलेली प्रतिपिंडं त्यात हिरवी चमकतात. पेम्फिगसमध्ये पेशीपेशीभोवती मासे धरायच्या जाळ्यासारखी, पेम्फिगॉइडमध्ये एका सरळ रेघेत. हा दुसरा तुकडा फॉर्मालिनमध्ये पडला की तपासणी वाया गेली. म्हणून बाटल्या दोन आहेत ना, एवढं विचारायला लाजू नका. तोंडातल्या जखमेजवळूनही तुकडा घेता येतो, अंगावर फोड येईपर्यंत थांबायचं कारण नाही. रक्तातली प्रतिपिंडं मोजण्याची एलायझा तपासणीही आता होते. आणि जाण्याआधी ताजा फोड सुईने फोडू नका, त्यावर हळद, कोरफड, कसलाही लेप नको.

साधं तोंड येणं दहा-पंधरा दिवसांत बरं होतं. तीन आठवडे उलटूनही जखम भरत नसेल तर ती दाखवलीच पाहिजे. मिश्री लावण्याची सवय असेल तर अधिकच, कारण तिथे भीती वेगळ्या रोगाची असते.

स्टिरॉइड येण्यापूर्वी पेम्फिगसचे बहुतेक रुग्ण दगावत. आज तसं नाही. 1980च्या दशकात दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. पसरिचा यांनी दर महिन्याला तीन दिवस सलाइनमधून मोठा डोस देण्याची पद्धत बसवली, तिचा आपल्याकडे असंख्य रुग्णांना उपयोग झाला. आता रिटुक्सिमॅब हे इंजेक्शन आहे. 2018 साली अमेरिकेत त्याला या आजारासाठी मान्यता मिळाली. उपचार लांबतात, वर्ष-दोन वर्षंही. गोळ्यांनी चेहरा गोल होतो, साखर नि रक्तदाब वाढतो, हाडं ठिसूळ होतात, म्हणून तपासण्या चुकवायच्या नाहीत. पण आरशात पाहून एके दिवशी गोळी एकदम बंद करणं हे सगळ्यांत धोक्याचं. ती डॉक्टरच हळूहळू उतरवतात. दिवस जाण्याची शक्यता असेल तर उपचार सुरू होण्याआधीच सांगावं, यातली काही औषधं पोटातल्या बाळाला चालत नाहीत, काहींमुळे पुढे मूल होण्यातही अडचण येऊ शकते.

घरी काय करावं? तिखट, आंबट, कुरकुरीत सगळं काही दिवस बंद. मऊ गुरगुट्या भात, तूप, मुगाचं पातळ वरण, शिकरण, गार दूध. ब्रश लहान मुलांचा. अंगावर जुनं धुतलेलं सुती लुगडं, ब्लाउज सैल. उघड्या जखमांना चादर चिकटते, म्हणून आपल्याकडे काही रुग्णालयांत स्वच्छ केलेल्या केळीच्या पानांवर रुग्णाला निजवतात. ताप आला, जखमेतून पू आला, तर वाट पाहू नका. जंतू शिरणं हीच खरी भीती.

तेव्हा पत्र लिहिणाऱ्या भगिनी, जावेला याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांकडे घेऊन जा, जवळ नसेल तर वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात. सोबत तुम्हीच जा, कारण दुखऱ्या तोंडाने तिला पाच महिन्यांची हकीकत सांगता येणार नाही. आधीच्या सगळ्या चिठ्ठ्या न्या. सासूबाईंना हा लेख वाचून दाखवा. आणि तिचं ते वेगळं ठेवलेलं ताट आज रात्रीच घरच्या ताटांत मिसळून टाका, म्हणजे उद्या कुणाचं कुठलं ते ओळखूच येणार नाही.

तपासणीत काय निघालं ते कळवा. या वेळी पत्रावर पत्ता लिहायचा राहिला होता, नाहीतर मी आधीच दोन ओळी पाठवल्या असत्या.