मोटारधंदा कोणी बुडवला?

२०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सीने कायमचा निरोप घेतला, तेव्हा या शहराने मनापासून हळहळ व्यक्त केली. ती स्वाभाविकच होती. परंतु ज्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती गाडी जन्मली तो कारखाना, आणि अँबॅसडर बनवणारा बंगालमधील उत्तरपाड्याचा कारखाना, सारी बाजारपेठ मुठीत असूनही आर्थिक डबघाईस का आले, हा प्रश्न हळहळीने सुटत नाही. तो केवळ इतिहासाचाही प्रश्न नव्हे. २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटारधंद्यासाठी २५,९३८ कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली. २०२५ च्या जुलैत ब्रिटनशी झालेल्या करारात तेथील मोटारींवरील आयात शुल्क ठराविक संख्येपुरते उतरवण्याचे ठरले. धंद्याला आधार किती द्यावा आणि कुंपण केव्हा काढावे, हा विचार आजही टळलेला नाही. म्हणून जुन्या पापाची वाटणी नीट झालेली बरी.

या पापाचे धनी म्हणून तिघांकडे बोट दाखवले जाते. कारखानदार सरकारला दोष देतात, सरकार कारखानदारांना देते, आणि आम्हां सुशिक्षित मध्यमवर्गीयांच्या दिवाणखान्यात निकाल लागतो तो बहुधा कामगाराविरुद्ध. ‘संपांनी धंदा बुडवला’ हे वाक्य आमच्या कानांना इतके सवयीचे झाले आहे, की त्याला पुरावा मागण्याची आवश्यकताच आम्हांस वाटेनाशी झाली आहे.

प्रथम सरकारकडे पाहू. किती गाड्या बनवाव्या, कोणते यंत्र परदेशातून आणावे, कोणाशी करार करावा, या प्रत्येक बाबीत दिल्लीचा परवाना लागे. १९६९ मध्ये तर गाडीची विक्रीची किंमतही सरकारने कायद्याने ठरवली. कारखानदारांना सर्वोच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली आणि १९७१ मध्ये त्या वादाचा निकाल लागला. हातपाय बांधलेल्या माणसाला धावत का नाहीस असे विचारणे न्यायाचे नव्हे, हे आम्ही मान्य करतो. सरकारचा गुन्हा शाबीत आहे.

परंतु किमतीवरचे नियंत्रण १९७५ मध्ये उठले. १४ डिसेंबर १९८३ रोजी मारुतीची पहिली गाडी गिऱ्हाइकाच्या हाती पडली. मधल्या आठ वर्षांत आमच्या मातबर कारखानदारांनी काय केले? गिऱ्हाईक नोंदणी करून वर्षानुवर्षे ताटकळत होते, स्पर्धेचा मागमूस नव्हता. तरीही इटलीत १९६२ साली आलेल्या नमुन्यावरची गाडी मुंबईत, आणि जुन्या मॉरिस ऑक्सफर्डचा अवतार बंगालमध्ये, किरकोळ फेरफारांनिशी तसाच निघत राहिला. गिऱ्हाइकाने तो ‘पदरी पडले पवित्र झाले’ म्हणून घेतला. प्रीमियरची ११८ एनई बाजारात आली ती १९८५ मध्ये, म्हणजे मारुतीने दार ठोठावल्यानंतर. अंगण वाकडे होते खरे. पण नाच शिकण्याचे कष्ट कोणी घेतले होते?

आता कामगाराकडे वळू. कुर्ल्यात संप झाले, ते लांबले, त्यांतून नुकसान झाले. हे नाकारणे सत्याचा अपलाप होईल. पण दोष जर भारतीय कामगाराच्या हाडीमासी असता, तर मारुतीचा कारखाना कसा चालला? कामगार याच देशातील होते. व्यवस्था मात्र जपानी वळणाची होती. अधिकारी आणि कामगार तेथे एकच गणवेश घालीत आणि एकाच उपाहारगृहात जेवत. मारुतीला सरकारने सवलती दिल्या, हा आक्षेप कोणी घेईल आणि तो खराही आहे. मग पुण्याकडे पाहावे. टेल्कोलाही तोच परवाना आणि तेच दिल्लीचे उंबरठे होते. १९८९ चा कडवा संप आणि शनिवारवाड्यावरचे उपोषण पुणेकर विसरलेले नाहीत. तरीही तो कारखाना टिकला. कारण सुमंत मुळगावकरांच्या कारकिर्दीत १९६६ मध्येच तेथे संशोधन केंद्र उभे राहिले होते. डेमलर-बेन्झशी असलेला करार १९६९ मध्ये संपला, तेव्हा स्वतःच्या पायांवर उभे राहण्याची तयारी झालेली होती. १९८६ मध्ये जपानी सहकार्याने निघालेल्या चार कंपन्यांचे हलके ट्रक समोर ठाकले असता टेल्कोने आपली ४०७ उतरवली आणि बाजी मारली. तोच कायदा, तसाच कामगार. फरक पडला तो धन्याच्या दूरदृष्टीचा.

तात्पर्य, सरकार दोषी आहे, कामगार काही अंशी दोषी आहे. परंतु पहिल्या क्रमांकाचा आरोपी कारखान्याचा चालक आहे. १९४४ मध्ये वालचंद हिराचंदांनी प्रीमियर उभी केली ती परकीय सत्तेच्या नाकावर टिच्चून. त्या साहसाला आमचा आजही मुजरा आहे. पुढच्यांनी मात्र साहसाचे वतन केले. संरक्षण हे कर्ज असते, मुदतीत फेडायचे असते, हे ते विसरले. १९९३ मध्ये परवान्याचे कुंपण निघाले आणि फेडीची तारीख आली, तेव्हा घाईघाईने परदेशी भागीदार शोधले गेले. त्यांतली पेजो १९९७ मध्ये निघूनही गेली. उत्तरपाड्याचे काम २०१४ च्या मे महिन्यात थांबले. अँबॅसडर हे नाव २०१७ मध्ये ८० कोटींना विकले गेले, कुर्ल्याच्या जमिनीवर इमारती उभ्या राहिल्या. मालकाला नाव आणि जमीन विकता आली. वीस-पंचवीस वर्षे एकाच यंत्रावर हात बसलेल्या कामगाराजवळ विकण्यासारखे काय होते? चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा हा प्रकार आम्ही मुकाट्याने पाहिला, नव्हे, दिवाणखान्यात बसून त्याचे समर्थन केले.

आता विजेच्या गाड्यांचे युग आले आहे आणि आधाराची मागणी पुन्हा होणार आहे. आमचा तिला विरोध नाही. तान्ह्या धंद्याला पाळणा हवाच. मात्र सरकारने त्या आधाराची मुदत आधी जाहीर करावी. संशोधनावर आणि कामगारांच्या शिक्षणावर किती खर्च झाला, याचा हिशेब कारखानदारांनी दरवर्षी जनतेपुढे मांडावा. जो हिशेब देणार नाही त्याचा आधार काढून घेण्याची धमक सरकारने दाखवावी. आधाराचा पैसा जनतेच्या खिशातून जातो. त्याचा जाब विचारणे हा जनतेचा अधिकार आहे आणि तो पहिल्या दिवसापासून बजावला पाहिजे. टाळे लागल्यावर विचारलेल्या जाबाला उत्तर देण्यास कोणी जागेवर उरत नाही.