संख्यांचे कुळशील

न्हावऱ्याच्या तलाठी दफ्तरातील गट क्रमांक असो वा घोडगंगा साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरील उसाच्या पावतीचा आकडा असो, संख्येकडे आपण केवळ हिशेबाची चाकर म्हणून पाहतो. तिला स्वतःचे कुळशील असते, हे सहसा ध्यानी येत नाही. डहाणूस १९०५ साली जन्मलेले, फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेले आणि पुढे देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ पर्यंत अध्यापन करणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी मात्र ते कुळशील शोधण्यातच आयुष्य वेचले.

१२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या घ्या. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील स्थाननामांनुसार तिचा अग्रांक ‘मध्य’ स्थानी, म्हणजे परार्धाच्या एकच पायरी खाली, विराजतो. नऊ वेळा १ मांडून होणाऱ्या संख्येचा हा वर्ग उलटसुलट सारखाच वाचला जातो; अशा संख्यांना कापरेकरांनी ‘डेम्लो’ या रेल्वे स्थानकाचे नाव दिले. तिच्या अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने ती निःशेष भागली जाते, म्हणून त्यांच्याच परिभाषेत ती ‘हर्षद’ही ठरते. ३, ३७ आणि ३३३६६७ या तीनच मूळ संख्यांच्या घातांतून ती घडली असून तिला ४५ विभाजक आहेत; स्वतःस वगळून उरलेल्या विभाजकांची बेरीज तिच्याहून कमी भरते, सबब ती ‘न्यून’.

या अभ्यासास कागद, पेन्सिल आणि चिकाटी यांखेरीज अन्य सरंजाम लागत नाही. तेव्हा आपल्या सातबाऱ्यावरील गट क्रमांक हर्षद आहे काय, याची तपासणी वाचकांनी अवश्य करावी, अशी आमची विनंती आहे.