रियाज कोणासाठी?

बृहन्महाराष्ट्रातील आपल्या मंडळांत संगीताची गोष्ट निघाली, की दोन वाक्ये हटकून ऐकावयास मिळतात. पहिले असे, की जॅझ म्हणजे शिस्तीला रजा देऊन चाललेला गोंगाट. ज्याला जे सुचेल ते त्याने वाजवावे, त्याला ना रियाज लागतो, ना तालीम. दुसरे वाक्य अधिक हळव्या सुरात उच्चारले जाते : "आमची नोकरी बदलीची. दर तीन-चार वर्षांनी गाव सुटते, गुरू सुटतो, तबलजी सुटतो. अशा जिण्यात कला कसली टिकायची?" पहिल्या वाक्याने आपण दुसऱ्याची कला मोडीत काढतो आणि दुसऱ्याने स्वतःची. ही दोन्ही वाक्ये साफ चुकीची आहेत आणि ती एकाच उदाहरणाने खोटी ठरतात, हे मला येथे सांगावयाचे आहे. ते उदाहरण म्हणजे जॅझ वाजविणाऱ्या गिटारवादकाचा दिनक्रम.

गिटारचा आणि आपला काय संबंध, असे म्हणून काही वाचक येथेच पान उलटतील, हे मी गृहीत धरतो. एका मंडळाच्या गणेशोत्सवात एका सभासदाच्या मुलाने पंधरा मिनिटे गिटार वाजवू द्या अशी विनंती केली, तेव्हा हे वाद्य आपल्या परंपरेत बसत नाही, असे त्याला सांगण्यात आले. ज्या मंचावरून हे सांगितले गेले, त्यावर पेटी मांडलेली होती. ती पेटी एकोणिसाव्या शतकात युरोपातून आली. आपल्या नाट्यसंगीताने मिरविलेला ऑर्गन तेथूनच आला. लग्नातल्या बँडची क्लॅरिनेटही तेथलीच. परंपरेच्या दारावर पहारा करणाऱ्यांनी आत अगोदर कोण कोण येऊन बसले आहे, हे निदान मोजून घ्यावे.

आता त्या गिटारवादकाची सकाळ पाहू. गिटारला तारा सहा. एकच स्वर तिच्यावर अनेक ठिकाणी सापडतो. म्हणून एकच सप्तक त्याला पट्टीच्या वरपासून खालपर्यंत, निरनिराळ्या बोटांनी घोटावे लागते. मग येतात कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी छेडलेल्या तीन-चार स्वरांचे मेळ. जॅझच्या चिजेत हे मेळ दर चार मात्रांना, कधी दर दोन मात्रांना बदलतात; आणि ते बदलत असताना एका मेळातला तिसरा व सातवा स्वर जवळच्या पावलाने पुढच्या मेळात कसा उतरतो, हे बोटांना पाठ असावे लागते. हाच अभ्यास बाराही स्वरांना आळीपाळीने षड्ज मानून करावयाचा. मेट्रोनोम लावावयाचा, पण त्याचा ठोका पहिल्या मात्रेवर न धरता दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर धरावयाचा. म्हणजे पहिली मात्रा यंत्राने दाखवावी लागत नाही, ती अंगी बाणते. त्यानंतर एखाद्या थोर वादकाचे ध्वनिमुद्रण लावून त्यातील एक तुकडा कागदावर न पाहता निव्वळ कानाने उचलावयाचा, आधी गळ्याने आणि मग तारेवर. शेवटी, समोर कोणी गात आहे अशी कल्पना करून नुसती साथ वाजवावयाची. अमेरिकेतील वादक या एकांतातल्या मेहनतीला ‘वुडशेडिंग’ म्हणतात. सरपणाच्या खोपीत कोंडून घेऊन केलेली मेहनत, असा त्याचा भाव. आपल्याकडे चिल्ला घेणाऱ्या उस्तादांच्या कथा भक्तिभावाने सांगणाऱ्यांनी या खोपीलाही एक नमस्कार करावयास हरकत नाही. यात शिस्त नाही असे ज्यांना म्हणावयाचे असेल, त्यांनी शिस्त कशाला म्हणतात ते एकदा सांगून टाकावे.

परंतु या दिनक्रमातली खरी मेख निराळीच आहे. त्यातील जवळजवळ प्रत्येक कलम दुसऱ्या माणसाकडे बघून घातलेले आहे. बाराही पट्ट्या कशासाठी? उद्या भेटणारी गायिका कोणत्या पट्टीत गाईल हे आज ठाऊक नाही, म्हणून. ठोका निराळ्या मात्रांवर का? ड्रम वाजविणाऱ्याच्या चालीशी आपली चाल जुळावी, म्हणून. दुसऱ्याचा तुकडा कानाने का उचलावयाचा? ऐकल्याबरोबर उत्तर देता यावे, म्हणून. हा रियाज एकांतात होतो, पण एकांतासाठी होत नाही. आपल्याकडे मात्र रियाजाचे तासच कलेचे माप होऊन बसले आहेत. अमुक गृहस्थ रोज चार तास बसतात, असे आपण आदराने सांगतो; ते कोणाबरोबर बसतात, हे कोणी विचारीत नाही.

आता दुसऱ्या वाक्याकडे, नोकरीकडे वळू. अमेरिकेतील इंडियानापोलिस या शहरी १९२३ साली वेस माँटगोमेरी जन्माला आला. लग्न झाल्यानंतर, विशीच्या उंबरठ्यावर, त्याने चार्ली ख्रिश्चन या गिटारवादकाचे वादन ध्वनिमुद्रिकेवर ऐकले आणि गिटार विकत घेतली. गुरू नव्हता, स्वरलिपी वाचता येत नव्हती. ख्रिश्चनचे तुकडे त्याने कानाने उचलले. रात्री घरात वाजवावयाचे तर शेजाऱ्यांची झोपमोड होणार. म्हणून त्याने प्लेक्ट्रम टाकून अंगठ्याच्या मांसल भागाने तारा छेडावयास आरंभ केला असे सांगतात, आणि तोच मऊ, भरदार नाद पुढे त्याची ओळख ठरला. १९४८ ते १९५० ही वर्षे लायोनेल हॅम्प्टनच्या वाद्यवृंदाबरोबर फिरतीवर काढून तो घरी परतला, कारण मोठे कुटुंब पोसावयाचे होते. पुढे दिवसा रेडिओच्या कारखान्यात नोकरी, रात्री एका क्लबात वादन आणि मध्यरात्र उलटल्यावर दुसऱ्या क्लबात पहाटेपर्यंत वादन, असा त्याचा क्रम होता. १९५९ साली कॅननबॉल ॲडर्ले या सॅक्सोफोनवादकाने त्याला तेथे ऐकले आणि न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड कंपनीकडे त्याची शिफारस केली. १९६०च्या जानेवारीत, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, त्याने जी ध्वनिमुद्रिका केली, ती आजही या वाद्याच्या अभ्यासकांना पाठ असते. १९६८ साली तो वारला, तेव्हा केवळ पंचेचाळीस वर्षांचा होता.

त्याने देहाची जी आबाळ केली तिचे अनुकरण करा, असे मी म्हणत नाही. मी स्वतः केंद्र सरकारच्या नोकरीतला कारकून आहे. सकाळची हजेरी आणि संध्याकाळची बस मला चुकत नाही, आणि पहाटेपर्यंत क्लबात वाजविण्याचा सल्ला मी कोणाला देणार नाही. मला दाखवावयाचे आहे ते एवढेच, की त्याला वेळ नव्हता, गुरू नव्हता, निवांत खोली नव्हती. पण रोज रात्री बरोबर वाजविणारी माणसे होती. आपल्यापैकी पुष्कळांना यांतील पहिल्या तीन गोष्टी बऱ्यापैकी मिळतात. चौथीची सोय आपण करीत नाही आणि दोष बदलीच्या हुकमाला देतो.

१९६०च्या त्या ध्वनिमुद्रणाविषयी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्याच्याबरोबर पियानोवर टॉमी फ्लॅनगन, बासवर पर्सी हीथ आणि ड्रमवर त्याचा भाऊ ॲल्बर्ट हीथ होते. हे इंडियानापोलिसमधले त्याचे नेहमीचे साथीदार नव्हते. तरी ते बसले आणि वाजवू लागले. हे कसे शक्य झाले? याचे उत्तर जॅझच्या समाईक ठेव्यात आहे. ब्लूजचे बारा खंडांचे आवर्तन आणि बहुतांशी बत्तीस खंडांच्या शे-दोनशे चिजा प्रत्येक जाणत्या वादकाला पाठ असतात. १९३० सालची ‘बॉडी अँड सोल’ किंवा १९३९ सालची ‘ऑल द थिंग्ज यू आर’ असे नुसते नाव घ्यावे, पट्टी सांगावी, लय मोजावी, की चार अनोळखी माणसे एका संसारात नांदू लागतात. हा ठेवा काही अकादमीने बांधून दिला नाही. १९४१च्या सुमारास हार्लेममधील मिंटन्स या जागी चार्ली ख्रिश्चन आपले रात्रीचे पगारी काम आटोपून जात असे आणि थेलोनिअस मंक, केनी क्लार्क अशांबरोबर वाजवीत असे. अशाच बैठकींतून तो ठेवा वाढला आणि पारखला गेला.

यात परके असे काय आहे? पंढरीच्या वाटेवर कोणत्याही गावचा वारकरी कोणत्याही दिंडीत टाळ घेऊन उभा राहतो. हरिपाठ त्याला पाठ असतो, चाली ठाऊक असतात, पावलीचा ठेका पायांत असतो. त्याला कोणी विचारीत नाही, की बुवा, तुमची तालीम कोणाकडे झाली? समाईक ठेवा आणि तयार कान एवढ्यावर तो सामील होतो. जी गोष्ट आपल्या शेतकऱ्यांनी शतकानुशतके साधली, ती पदवीधर मराठी अधिकाऱ्यांना सरकारी वसाहतीत साधत नाही, याची आपल्याला थोडी लाज वाटावयास हवी.

येथे एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. ख्याल म्हणजे बत्तीस खंडांची चीज नव्हे; राग वर्षानुवर्षे गुरूसमोर बसल्याखेरीज हाती लागत नाही; चार हौशी माणसांनी बैठक जमविली तर तेथे कला न होता कलेची थट्टा होईल. यातील पहिला भाग मला पूर्णपणे मान्य आहे. गुरूवाचून राग येत नाही, आणि बैठकीने कोणी उस्ताद होत नाही. परंतु बदलीमुळे आपण जे गमावले ते उस्तादपण होते काय? ते आपल्यापाशी पुण्यात असतानाही नव्हते. आपण गमावले ते साधे संगीत : चार जणांनी मिळून सूर लावणे, दुसऱ्याचे ऐकून आपले थोपविणे, चुकलेल्याला समेवर सांभाळून घेणे. थट्टेच्या भीतीने आपण ते पेटीत बंद केले आणि वर्षातून एकदा पुण्यामुंबईचा कलाकार बोलावून, टाळ्या वाजवून मोकळे झालो.

एकट्याच्या साधनेचे याहून कठोर उदाहरण हवे असेल तर सॅक्सोफोनवादक सॉनी रॉलिन्सचे घ्या. कीर्तीच्या शिखरावर असताना १९५९ साली त्याने जाहीर वादन थांबविले आणि न्यूयॉर्कमधील विल्यम्सबर्ग पुलावर, नदीच्या वाऱ्यात, तो तासन्‌तास एकटा वाजवीत राहिला. १९६१ साली तो परतला. परतल्यावर त्याने काय केले? त्याने जिम हॉल हा मितभाषी गिटारवादक सोबतीला घेतला आणि १९६२ साली ‘द ब्रिज’ ही ध्वनिमुद्रिका केली. पुलावरचा एकांतही अखेर सोबतीपाशीच येऊन थांबला. त्याच वर्षी याच जिम हॉलने पियानोवादक बिल एव्हान्सबरोबर ‘अंडरकरंट’ केली; तीत बास नाही, ड्रम नाही, फक्त पियानो आणि गिटार. दोन्ही वाद्ये मेळ वाजविणारी. एकमेकांच्या पायांत पाय अडकण्याचा धोका क्षणोक्षणी. तो टळतो, कारण प्रत्येक जण दुसऱ्याचे ऐकून मगच आपला स्वर ठेवतो. फाइलवरची मागची टिपणी न वाचता पुढची टिपणी लिहिणारा कारकून आपल्याला ठाऊक आहे; घरी बारा वर्षे रियाज करून मैफलीत तबल्याकडे न पाहणारा गवई त्याचाच सख्खा भाऊ.

आणि मुख्य गायक होता येत नाही म्हणून रुसून बसणाऱ्यांनी फ्रेडी ग्रीनकडे पाहावे. १९३७ साली तो काउंट बेसीच्या वाद्यवृंदात दाखल झाला आणि १९८७ साली मृत्यूनेच त्याला तेथून हलविले. त्या पन्नास वर्षांत त्याने स्वतंत्र वादन जवळजवळ केलेच नाही. विजेचे साहाय्य न घेता, चार मात्रांना चार आघात, एवढेच त्याचे काम. पण त्या चार आघातांवर सारा वृंद उभा असे. साथ म्हणजे दुय्यम कला, असे समजणाऱ्या आपल्या समाजाने हा माणूस समजून घेण्याजोगा आहे.

हे सारे अमेरिकेचे झाले, असे कोणी म्हणेल, तर आमान्सियो डि'सिल्वा हे नाव मी पुढे करतो. गोमंतकीय घराण्यातला हा गिटारवादक १९३६ साली मुंबईत जन्मला, १९६७ साली लंडनला गेला आणि १९६९ साली जमैकाहून तेथे आलेल्या जो हॅरियट या सॅक्सोफोनवादकाबरोबर त्याने ‘हम दोनो’ नावाची ध्वनिमुद्रिका केली. आपला गाव सोडून गेलेली दोन माणसे परक्या शहरात भेटली आणि समाईक भाषा हाती होती म्हणून बोलू शकली. ध्वनिमुद्रिकेचे नावच पुरेसे बोलके आहे. आपल्या मंडळांच्या वाचनालयांत अशा माणसाचा उल्लेख किती पुस्तकांत सापडेल?

तेव्हा माझे म्हणणे सरळ आहे. प्रत्येक मंडळाने तीस पदांची एक यादी करावी : काही अभंग, काही नाट्यपदे, काही भावगीते, आणि ती दुसऱ्या गावच्या मंडळांनाही पाठवावी. सभासदाने घरी रोज अर्धा तास तीच घोटावीत, निरनिराळ्या पट्ट्यांत. पंधरवड्यातून एक संध्याकाळ वक्त्याला, सत्काराला आणि हारतुऱ्यांना फाटा देऊन नुसती बैठक ठेवावी. पेटी असेल तर पेटी, तबला असेल तर तबला, आणि कोणाच्या मुलाची गिटार असेल तर तिलाही सतरंजीवर जागा द्यावी. नव्याने बदलून आलेल्या माणसाला पहिल्याच बैठकीत, अर्ज-विनंतीवाचून, वाजवू द्यावे. बदली झालेला माणूस आपले सामान नव्या गावी नेतोच. ही तीस पदेही त्याच सामानात जातील, आणि तेथे सतरंजी पसरलेली असेल तर पहिल्याच आठवड्यात त्याला चार माणसे मिळतील.

बदलीचे हुकूम निघत राहणार. ते थांबविणे आपल्या हाती नाही. सतरंजी पसरणे आपल्या हाती आहे, आणि ती न पसरता संगीत सुटल्याचे दुःख सांगत फिरण्याचा अधिकार कोणालाही नाही.