परीक्षार्थीनेच परीक्षक नेमला तर?

मे महिना आला की आमच्या या पट्ट्यात दोन गोष्टी ठरलेल्या. नालेसफाईचे फोटो आणि धोकादायक इमारतींची यादी. उल्हासनगरची महापालिका, अंबरनाथची नगरपरिषद, कुळगाव-बदलापूरची नगरपरिषद, तिघींच्या याद्या येतात. आपण त्यात आपल्या इमारतीचं नाव शोधतो, ते नसलं की पेपरची घडी घालतो आणि चहाचं आधण ठेवतो. मंडळी, यादीत नाव नाही याचा अर्थ घर धड आहे असा होत नाही. पुष्कळदा त्याचा अर्थ एवढाच असतो की आपलं घर अजून कोणी नीट पाहिलेलंच नाही.

आज लिहायचं आहे ते हे घर 'पाहणाऱ्या' माणसाबद्दल. माझा एक जुना विद्यार्थी स्ट्रक्चरल ऑडिटचं काम करतो. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर हीच त्याची फिरती. शाळेत निबंधात कधी दोन पानांच्या पुढे गेला नाही, आता मात्र चाळीस-चाळीस पानांचे अहवाल लिहितो. मधूनमधून घरी येतो, पोहे खातो आणि बोलतो. त्याच्याकडून ऐकलेलं आणि आमच्या सोसायटीत डोळ्यांनी पाहिलेलं, यावरून माझं एक मत पक्कं झालं आहे. ज्यांची इमारत तपासायची त्यांनीच तपासणारा निवडायचा, त्यांनीच घासाघीस करून त्याची फी ठरवायची आणि अहवाल मनासारखा येईपर्यंत चेक अडवून ठेवायचा, ही पद्धत आहे तोवर ऑडिट हा फक्त एक कागद राहणार.

आधी त्या कामाची कल्पना देते. आपल्याला वाटतं, इंजिनियर आला, हातोडी मारली, मान हलवली, झालं. प्रत्यक्षात पहिला प्रश्न दाराचा असतो. चोवीस बिऱ्हाडांची इमारत असली तर निम्मी दारं उघडत नाहीत. कोणी गावी गेलेलं, कोणी भाडेकरू, "मालक कल्याणला राहतात, त्यांना विचारा." जी दारं उघडतात तिथे छताला पीओपीचं फॉल्स सीलिंग. त्याच्या वर स्लॅबचं काय झालंय ते देवाला ठाऊक. "जरा एक चौकोन काढू का?" असं विचारलं की घरमालकीण म्हणते, "मागच्या दिवाळीत केलंय हो." बाथरूमच्या भिंती छतापर्यंत टाइल्सने झाकलेल्या, आणि ओल नेमकी तिथेच. बाल्कनी आत घेतलेली, तिच्यावर कडाप्प्याचा ओटा. गच्चीवर पत्र्याची शेड आणि नंतर चढवलेल्या दोन जादा टाक्या. मूळ नकाशा मागितला तर बिल्डर परागंदा, सोसायटीकडे नाही, पालिकेच्या दप्तरात सापडत नाही. खांबात किती सळ्या आहेत हे माहीत नसताना तो खांब किती भार पेलेल ते सांगायचं. प्रश्नपत्रिका न देता उत्तरं तपासा म्हणण्यासारखंच झालं हे.

हातोडीचंही ऐका. तिला रिबाउंड हॅमर म्हणतात. काँक्रीटवर दाबली की आतला दांडा आपटून मागे उसळतो आणि त्या उसळीवरून वरच्या थराचा कठीणपणा कळतो. ती प्लास्टरवर मारून उपयोग नाही, प्लास्टर खरवडून आतलं काँक्रीट उघडं करावं लागतं. शिवाय आपल्या भारतीय मानकातच नमूद आहे की या हातोडीवरून काढलेल्या ताकदीच्या अंदाजात २५ टक्के इकडेतिकडे होऊ शकतं. त्याहून गंमत म्हणजे, जुन्या काँक्रीटचा वरचा थर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे कडक होत जातो. हातोडीला तो छान वाटतो. पण त्याच बदलामुळे आतल्या लोखंडाचं संरक्षण गेलेलं असतं. म्हणजे नुसती हातोडी वापरली तर म्हाताऱ्या इमारतीला तरुणापेक्षा जास्त गुण मिळू शकतात!

म्हणून इतर चाचण्या लागतात. काँक्रीटमधून ध्वनिलहरी सोडून त्यांचा वेग मोजतात. सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या वर असेल तर बरं, तीनच्या खाली असेल तर शंका. त्यासाठी खांबाच्या दोन्ही बाजू मोकळ्या हव्यात, आणि एका बाजूला हमखास कपाट असतं. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिन टाकतात. गुलाबी झालं तर ठीक, रंग आलाच नाही तर समजायचं की तो थर गेला. आणि सगळ्यात भरवशाची चाचणी म्हणजे काँक्रीटचा गोल गाभा कापून काढून प्रयोगशाळेत दाबून पाहणं. ती कोणी करू देत नाही. "आधीच इमारत पडायला आलीय, त्यात तुम्ही भोकं पाडणार?" हे वाक्य माझ्या विद्यार्थ्याने इतक्यांदा ऐकलंय की आता तो ते हसत सांगतो.

हे सगळं नीट करायचं तर दोन-तीन दिवस जातात आणि पैसे लागतात. पण सोसायट्या तीन कोटेशनं मागवतात आणि सर्वांत स्वस्त उचलतात. स्वस्तातला माणूस दोन तासांत जिन्यावरून वर जाऊन खाली येतो, मोबाइलवर फोटो काढतो आणि मागच्या इमारतीच्या अहवालात नाव बदलून देतो. तो अहवालही पालिकेत जमा होतो. आमच्याच सोसायटीच्या सभेत एका सभासदाने आलेल्या इंजिनियरला सगळ्यांदेखत सांगितलं, "साहेब, जरा सांभाळून लिहा. आम्हाला फक्त पालिकेत द्यायला पाहिजे." पुढे एक चकार शब्द कोणी काढला नाही, कारण बहुतेकांच्या मनात तेच होतं.

आता कायदा बघा. महापालिका अधिनियमात कलम २६५-अ आहे. इमारतीला ३० वर्षं झाली की पालिकेकडे नोंदणी असलेल्या अभियंत्याकडून तपासणी करून घ्यायची. सोसायट्यांच्या आदर्श उपविधीतही आहे, १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर ५ वर्षांनी, त्यापुढे दर ३ वर्षांनी. म्हणजे यादी पालिकेची, पण त्यातला माणूस निवडणार आपण आणि पैसे देणार आपण. मी अनेक वर्षं दहावीच्या उत्तरपत्रिका तपासल्या. मुलाचं नाव दिसत नसे, फक्त बैठक क्रमांक. माझ्यावर नियामक, त्याच्यावर मुख्य नियामक. कुठल्या मुलाने "मला या बाई नकोत, त्या बाई द्या, त्या सढळ हाताने गुण देतात" असं म्हटलं असतं तर बोर्डाने त्याला हाकलून दिलं असतं. गणिताच्या पेपराला आपण एवढं जपतो. ज्याच्या खाली आपली नातवंडं झोपतात त्या स्लॅबच्या बाबतीत मात्र परीक्षार्थीच परीक्षक नेमतो.

बरं, दबाव एकाच बाजूने येतो असंही नाही. इमारतींचे चार वर्ग ठरलेले आहेत. सी-१ म्हणजे ताबडतोब रिकामी करून पाडायची. सी-२ ए म्हणजे रिकामी करून दुरुस्ती, सी-२ बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजी. उल्हासनगरच्या गल्लीत, जिथे जागेच्या कागदांचाच घोळ आहे, तिथे कोणालाच सी-१ नको असतं. आणि बदलापूरला स्टेशनजवळ, जिथे पुनर्विकासाला बिल्डर टपलेले आहेत, तिथे कमिटीला सी-१ हवंच असतं, कारण मग अडून बसलेले दोन सभासद आपोआप बाहेर पडतात. माझा विद्यार्थी म्हणतो, "बाई, काँक्रीट तेच असतं. फोन कुठून येतो त्यावर वर्ग बदलायला सांगतात." तेव्हा 'ऑडिट म्हणजे बिल्डरचा डाव' असं जे आमचे काही नातेवाईक म्हणतात, ते अर्धं खरं आहे. पण डाव असेल तर उपाय काय? तपासणीच नको म्हणणं की तपासणाऱ्याला दोघांच्याही खिशातून बाहेर काढणं?

दुसरा आक्षेप मला अंबरनाथकर हमखास ऐकवतात. "आपलं शिवमंदिर शके ९८२ पासून उभं आहे. जवळजवळ साडेनऊशे वर्षं. कोणी ऑडिट केलं होतं?" अहो, ते दगडाचं आहे. त्यात सळ्या नाहीत. आपल्या घरांना खरा धोका आहे तो गंजाचा. पाणी आत झिरपतं, लोखंड गंजतं, गंजलेलं लोखंड फुगतं आणि फुगताना वरचं काँक्रीट फोडून काढतं. छताचे पोपडे पडतात ते याचमुळे. आपण त्यावर पुट्टी भरून रंग मारतो. म्हणजे तापाचा आकडा वाचायचा नाही म्हणून थर्मामीटर कपाटात ठेवतो.

आणि '३० वर्षं होऊ द्या मग बघू' म्हणणाऱ्यांसाठी. उल्हासनगरात मे २०२१ मध्ये दोन आठवड्यांत दोन इमारतींचे स्लॅब कोसळले. वरच्या मजल्याचा खालच्यावर, तो त्याच्या खालच्यावर, असे थेट तळापर्यंत. नेहरू चौक भागातल्या दुसऱ्या अपघातात ७ माणसं गेली. या इमारती नव्वदच्या दशकातल्या, म्हणजे तिशीही पुरती झाली नव्हती. सप्टेंबर २०२२ मध्ये कॅम्प ५ मध्ये पुन्हा तेच, ४ जण गेले. २० मे २०२५ ला शेजारच्या कल्याण पूर्वेत चौथ्या मजल्यावर फरशीचं काम चालू असताना स्लॅब खाली आला, ६ जण गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये विरारची रमाबाई अपार्टमेंट पडली, १७ माणसं गेली. ती इमारत तर २०१२ च्या सुमाराची, आणि अनधिकृत. काँक्रीट वाढदिवस मोजत नाही. खराब रेती, कमी सिमेंट, घाईत ओतलेला स्लॅब, गळणारी गच्ची, यांचा हिशेब ते ठेवतं.

इथे उल्हासनगरचा इतिहास विसरून चालणार नाही. ही लष्करी छावणी होती, फाळणीनंतर निर्वासित सिंधी बांधव इथल्या बराकींत आले आणि १९४९ मध्ये तिचं उल्हासनगर झालं. एकदा सगळं गमावलेल्या माणसांनी उभं केलेलं हे शहर आहे. पुढे बराकींच्या जागी मजल्यांवर मजले चढले, पुष्कळसे परवानगीशिवाय. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, पाडापाडीचे आदेश झाले आणि २००६ मध्ये सरकारने अनधिकृत बांधकामं नियमित करण्यासाठी खास उल्हासनगरपुरता कायदा केला. त्याची अंमलबजावणी वर्षानुवर्षं रेंगाळली. अशा घरात राहणाऱ्या सत्तर वर्षांच्या सिंधी आजींना इंजिनियरने "दादी, घर खाली करा" म्हणायचं. त्या विचारतात, "कुठे जाऊ?" या प्रश्नाचं उत्तर त्या बिचाऱ्याच्या चाळीस पानांत नसतं. ते पालिकेकडे आणि सरकारकडे असायला हवं. माणसं आंधळी नसतात. खरं कळलं तर रस्त्यावर यावं लागेल हे ठाऊक असल्यावर कोण खरं कळून घेईल?

म्हणून नुसती टीका न करता सांगते. एक, इंजिनियर पालिकेने नोंदणीकृत यादीतून चिठ्ठी टाकून द्यावा. फी ठरलेली असावी, पालिकेने ती भरावी आणि मालमत्ता कराच्या बिलातून हप्त्याने वसूल करावी. दोन, कोणत्या खांबावर कोणती चाचणी केली, काय आकडा आला आणि कोणती घरं बंद असल्यामुळे पाहता आली नाहीत, हे अहवालात आलंच पाहिजे. तीन, त्याचा एक पानाचा सारांश मराठीत, हिंदीत आणि उल्हासनगरला सिंधीतही जिन्याखाली लावावा. चार, दोन अहवाल एकमेकांच्या विरुद्ध आले तर मुंबईत तांत्रिक सल्लागार समितीकडे जातात, तशी समिती आमच्या या तीन शहरांसाठी असावी आणि तिने वेळेत निकाल द्यावा. पाच, सी-१ चा शिक्का मारण्याआधी त्या बिऱ्हाडांनी जायचं कुठे आणि परत येण्याचा त्यांचा हक्क कोणत्या कागदावर असेल, हे ठरलेलं असावं. हे पाचवं नसेल तर पहिल्या चारांचा काही उपयोग होणार नाही.

यातलं काही उद्या होणार नाही, हे मलाही कळतं. पण आपल्या हातात जे आहे ते तरी करू या. बदलापूरच्या भाच्याने परवा फोनवर सांगितलं की त्यांच्याकडे ऑडिटवाला येणार आहे, तर सुट्टी कशाला घ्यायची, वॉचमन दाखवेल. त्याला सांगितलं तेच सगळ्यांना सांगते. त्या दिवशी घरी राहा. कपाट सरकवून ठेवा. पीओपीचा एक चौकोन काढू द्या, तो पुन्हा बसवता येतो. गळती कुठे आहे ते लपवू नका. भिंत तोडली असेल तर ती कुठली ते सांगा. फरशीवर फरशी बसवण्याआधी विचारा. आणि अहवाल आला की सेक्रेटरीकडून पूर्ण प्रत मागून घ्या. ती तुमच्याच पैशातून झालेली असते. त्यात चाचण्यांचे आकडे नसतील, नुसती 'इमारतीची स्थिती समाधानकारक' अशी ओळ असेल, तर सभेत उठून विचारा की समाधान नेमकं कोणाचं झालं.

आमच्या सभेत पुढच्या रविवारी हा विषय आहे. मी जाणार आहे, आणि पहिल्या रांगेत बसणार आहे.