परदेश की स्वदेश? प्रश्न विषयाचा आहे!

परदेशी शिक्षण श्रेष्ठ की इथले, हा वादच आम्हाला अपुरा वाटतो. बाबासाहेब बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली कोलंबियात शिकायला गेले आणि १९४६ साली त्यांनीच मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उभे केले. समाजाला दोन्ही वाटा हव्यात.

खरी मेख वेगळीच आहे. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीतून २०२२ साली भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक संशोधन वगळण्यात आले. हे विषय इथेच शिकता येतात, असा युक्तिवाद झाला. पण इथे मार्गदर्शक कोण नि परीक्षक कोण? बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबियात वाचलेला जातिसंस्थेवरील निबंध या नियमात बसलाच नसता! परदेशी जा, पण जातीची चिकित्सा करू नका, असे सांगणाऱ्या अटीला आमचा ठाम विरोध आहे. कुठे शिकायचे आणि काय शिकायचे, दोन्ही आमचे विद्यार्थीच ठरवतील.