हाजीसाहेबांच्या बॅगेतली परकी पुडी

आमच्या धावड्यासारख्या गावातून कोणी हज किंवा उमराहला निघालं, की घरी माणसांची रीघ लागते. कोणी दुआ करायला सांगतं, कोणी कहासुना माफ करून घेतं. आणि कोणी हळूच एक पिशवी पुढे करतं: “हाजीसाब, जेद्द्याला आमचा पोरगा आहे. एवढं त्याला द्या.” सफर मुबारक आहे, नाही कसं म्हणायचं? पिशवी बॅगेत जाते.

माझं स्पष्ट मत आहे की इथे नाही म्हणायलाच हवं.

मुंबईच्या एका दाम्पत्याची गोष्ट आठवा. 2019 च्या जुलैमध्ये ते कतारला सहलीला गेले. सहल भेट देणाऱ्या नातेवाईक बाईने जर्दा म्हणून एक पाकीट सोबत दिलं. दोहा विमानतळावर त्यातून चार किलोहून अधिक चरस निघाला. दोघांना दहा वर्षांची शिक्षा झाली. बायको गरोदर होती, मुलीचा जन्म कैदेतच झाला. आपल्या नार्कोटिक्स कंट्रोल ब्युरोने खरे गुन्हेगार शोधले, म्हणून 2021 मध्ये ते निर्दोष सुटले. सौदीत तर अमली पदार्थांच्या तस्करीला देहदंडापर्यंत शिक्षा आहे. “मला माहीत नव्हतं” हे विमानतळावर कोणी ऐकत नाही.

पुडी देणारा प्रत्येक जण बदमाश नसतो. आई लेकासाठी प्रेमाने डिंकाचे लाडू देते, मसाला देते. पण त्यात खसखस असते आणि सौदीत खसखशीवर बंदी आहे. ती अफूच्या बोंडातून येते, एवढं कारण त्यांना पुरेसं आहे. औषधांचंही तसंच. ट्रॅमाडॉलसारख्या दुखण्यावरच्या गोळ्या, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध तिथे नियंत्रित आहे. गोळ्या मूळ पाकिटातच ठेवा, डॉक्टरांची चिठ्ठी सोबत घ्या. डबीत मोकळ्या गोळ्या भरून नेऊ नका.

परतताना सोन्याचा मोह. बाईला 40 ग्रॅम, पुरुषाला 20 ग्रॅम दागिने माफ, असं गावात सर्रास सांगतात. ती सवलत एक वर्षाहून जास्त परदेशात राहिलेल्यांना आहे, पंधरा दिवसांच्या उमराहवाल्याला नाही. विकत घेतलेलं सोनं लाल मार्गिकेत जाऊन जाहीर करा, कर भरा. लपवलेलं सोनं जप्त होतं.

तब्येतीचं काय? “तिथे मौत आली तर नशीब” असं आपण सहज बोलतो. 2024 च्या हजमध्ये मक्केत पारा 51 अंशांच्या वर गेला. सौदी सरकारने 1,301 मृत्यू जाहीर केले. त्यातले बहुतेक विनापरवाना आलेले, म्हणजे तंबू आणि सावलीविना उन्हात चाललेले होते. स्वस्तात हज घडवणाऱ्या एजंटाचा हात धरण्याआधी हा आकडा लक्षात ठेवा. मेंदूज्वराची लस निदान दहा दिवस आधी घ्या. दुपारी छत्री आणि पाणी जवळ ठेवा. मर्स हा आजार उंटांतून माणसात येतो, तेव्हा उंटाच्या कळपात फोटो काढणं आणि कच्चं दूध पिणं टाळा.

याला कोणी तवक्कुलची कमतरता म्हणेल. पण उंट आधी बांध, मग अल्लाहवर भरवसा ठेव, ही शिकवण आपल्याच नबींची (स.) आहे. साथीच्या गावात जाऊ नये आणि तिथून निघूही नये, हेही त्यांनीच सांगितलं. हज फर्ज होते ती ऐपत असलेल्यावर, आणि ऐपतीत तब्येतही येते.

शिक्षक म्हणून एक सुचवतो. हज कमिटीच्या सूचना प्रत्येक हाजीच्या घरी नातवंडांनी मोठ्याने वाचून दाखवाव्यात, उर्दूत किंवा मराठीत, जी भाषा आजीला कळते तीत. आणि पुडी देणाऱ्यांनो, पोरासाठी पैसे बँकेतून पाठवा. हाजीकडून फक्त दुआ मागा.